आधी पाणी, मग झाडं, मासे सगळ्यात शेवटी

घरातल्या कुंड्यांवर लिहिताना मागच्या वेळी शेवटी काचेच्या टँकमधल्या पाणवनस्पतींचा नुसता उल्लेख केला होता, तर त्यावरच इतकी पत्रं आली की यावेळचं हे पान सगळं त्यालाच देतेय. मीठ लागणारे समुद्री टँक यात नाहीत, फक्त गोड्या पाण्याचे, छोटे आणि घरच्या घरी सांभाळता येतील असेच.

प्रश्न (म्हापसा): ताई, नमस्कार. आम्ही दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो, आम्ही दोघं नोकरीवाले, मुलं आठ आणि पाच वर्षांची. मुलांनी फिश टँकचा हट्टच धरलाय. मिस्टर म्हणतात एक गोल बाऊल आणू, त्यात दोन गोल्डफिश सोडू, विषय संपला. मला आत खरी झाडं असलेला छोटा टँक हवाय, पण आठवड्याला तास-अर्धा तासापेक्षा जास्त वेळ नाही माझ्याकडे. जमेल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर: जमेल, आणि वेळ कमी आहे म्हणून तर झाडांचाच टँक करा, कारण माशांची घाण जी आपल्याला सारखी काढत बसावी लागते ती बरीचशी झाडं स्वतःच खातात.

पण मिस्टरांना आधी सांगा की बाऊल नको. गोल्डफिश दुकानात बोटाएवढा दिसतो पण तो वीतभर आणि त्याहून मोठा होणारा मासा आहे, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, आणि घाण इतकी करतो की पाच-सात लिटरच्या बाऊलमध्ये तो स्वतःच्याच विष्ठेत गुदमरतो. शिवाय कोवळी झाडं तो कुरतडून टाकतो. बाऊलमधला गोल्डफिश महिन्याभरात जातो तो काही अल्पायुषी असतो म्हणून नाही.

साइज घ्या दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट. यात ५४ लिटर पाणी मावतं, वाळू-दगड गेले की पंचेचाळीसच्या आसपास. नवीन माणसाला याहून लहान टँक सोपा वाटतो पण असतो उलट, पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं, मुलांनी चिमूटभर जास्त खाणं टाकलं की लहान टँक त्याच दिवशी गढूळ होतो आणि मोठा ते पचवून नेतो. पाणी, काच, वाळू सगळं मिळून वजन ८० किलोच्या घरात जातं, म्हणून टीव्हीच्या शोकेसवर नको, भिंतीला लागून मजबूत टेबल किंवा लोखंडी स्टँड, टँकखाली थर्मोकोलची शीट, आणि खिडकीचं ऊन थेट पडणार नाही अशी जागा. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन टँकवर आलं की पंधरा दिवसांत काचा हिरव्या होतात.

तळाला दीड-दोन इंच वाळू, झाडांची मुळं जिथे जाणार तिथे थोडी जास्त. फिल्टर साधा स्पंजचा, छोट्या एअर पंपावर चालणारा, स्वस्त असतो, त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं आणि लहान पिल्लं त्यात ओढली जात नाहीत. एलईडी लाइट आणि त्याला टायमर, हा टायमर मात्र विसरू नका. सुरुवातीला दिवसाला सहा तास पुरे, झाडं जोमाने वाढायला लागली की आठ. लाइट दिवसभर चालू ठेवून झाडं वाढत नाहीत, शेवाळ वाढतं. हीटर आपल्याकडे लागत नाही, तो विकत घेऊच नका, गोव्यात प्रश्न थंडीचा नसून एप्रिल-मेचा आहे, त्यावर पुढे लिहिलंय.

झाडं कोणती? माझी पहिली पसंती जावा फर्न आणि अनुबियास. दोन्ही कमी उजेडात तग धरतात, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वगैरे काही लागत नाही आणि वाळूत लावायचीही गरज नाही, लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायची. ह्यांना आल्यासारखं एक आडवं जाड खोड असतं, ते वाळूत पुरलं की कुजतं, एवढी एकच चूक टाळा. जावा फर्नच्या पानामागे काळे ठिपके दिसले तर तो रोग समजून कापू नका, ते त्याचं बी समजा, पुढे पानावरच बारकी रोपं फुटतात. मागच्या बाजूला वॅलिस्नेरिया लावा, पट्ट्यासारखी लांब पानं, जमिनीखालून धावतं खोड पाठवून स्वतःच पसरते. मध्ये क्रिप्टोकोरिन. आणि पहिले दोन महिने तरी पाण्यात हॉर्नवर्ट नुसता तरंगत ठेवा, तो इतका झपाट्याने वाढतो की पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेतो आणि शेवाळाला काही उरत नाही. हवं तर ब्राह्मी लावून बघा, शेताच्या बांधाला ओलसर जागी येते तीच, पाण्याखालीही छान जगते. फक्त औषध मारलेल्या शेतातली आणू नका.

सुरुवातीलाच भरपूर झाडं लावा. दोन-चार काड्या लावून बाकी पुढच्या महिन्यात बघू असं केलं की मधल्या काळात शेवाळ जागा धरतं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि दुकानात बहुतेक कोणी सांगत नाही ते. मासे लगेच आणायचे नाहीत.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यातूनही तोच होतो, आणि अमोनिया म्हणजे माशाला विष. निसर्गात एक जातीचे जीवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी असतं आणि झाडं ते खत म्हणून घेतात. हे जीवाणू नव्या टँकमध्ये जवळजवळ नसतातच, ते स्पंजवर, वाळूवर, पानांवर हळूहळू वस्ती करतात आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. शौकीन लोक याला टँक सायकल होणं म्हणतात. तर टँक भरा, झाडं लावा, फिल्टर चालू करा आणि मासे नसले तरी रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, म्हणजे जीवाणूंना खायला मिळेल. कोणाकडे जुना चांगला चालणारा टँक असेल तर त्याचा स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळा, तपकिरी गढूळ पाणी निघेल, घाबरू नका, ते विरजण आहे. दुधाला विरजण लावल्यासारखंच काम करतं, वेळ निम्म्यावर येऊ शकतो.

माझ्या पहिल्या टँकला हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुकानातून टँक, वाळू, बारा मासे सगळं एकाच संध्याकाळी आणलं, माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची, तिने प्रत्येक माशाला नाव ठेवलं होतं. आठव्या दिवसापर्यंत एक सोडून सगळे गेले, आणि ती रोज सकाळी उठून आधी टँकजवळ जायची. दुकानदार म्हणाला पाणी बदला, मी सगळं पाणी बदललं, स्पंज नळाखाली खळखळून धुतला, म्हणजे जे चार जीवाणू आले असतील तेही क्लोरीनने मारले. ते अजून मनाला लागतं, म्हणून तुम्हाला इतकं बजावून सांगतेय. मुलांना पहिला महिना झाडं बघायला द्या, नवीन पान कधी फुटलं ते कॅलेंडरवर लिहायला लावा, मुलं रमतात.

अमोनिया-नायट्राइट तपासायचं लिक्विड टेस्ट किट मिळतं, ते घ्या. दोन्ही शून्य यायला लागले की मग मासे, तेही एकदम नाही. आधी सहा-आठ हार्लेक्विन रासबोरा, ते थव्याने राहतात, आपलं मऊ, म्हणजे चुना कमी असलेलं पाणी त्यांना मानवतं आणि शांत आहेत. दोन-तीन आठवड्यांनी हनी गौरामीची एक जोडी, हा आपल्याच देशाच्या ईशान्येकडचा मासा, मधाच्या रंगाचा. बस, ४५ लिटरला एवढं पुरे. निऑन टेट्रा मुलांना आवडेल पण त्याला पाणी जरा थंड लागतं, आपल्या मे महिन्यात तो दमतो.

आठवड्याचं काम म्हणजे एक बादली पाणी काढायचं, एक बादली घालायचं, तळाची घाण नळीने ओढायची, काच पुसायची, पिवळी पानं कापायची. वीस-पंचवीस मिनिटं. काढलेलं पाणी तुळशीला घाला, चांगलं खत आहे. स्पंज महिन्यातून एकदा, तोही या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. मुलांना सांगायचं, सोमवारी मासे उपास करतात.

प्रश्न (फोंडा): आमच्याकडे घरची बांय (विहीर) आहे, बारमाही पाणी. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं म्हणतात तर बांयचं सरळ घातलं तर चालेल ना? आणि वाळू मिरामारहून आणली तर? अंगणात जांभे दगड पडलेत, ते सजावटीला ठेवू का?

उत्तर: तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही गोव्याचेच, म्हणून आवडले.

बांयचं पाणी चालेल. त्यात क्लोरीन नाही हा मोठा फायदा. नळाचं पाणी, मग ते ओपाच्या योजनेचं असो की साळावलीच्या, जंतू मारायला क्लोरीन घालूनच येतं आणि ते माशांचे कल्ले जाळतं, जीवाणूही मारतं, त्यामुळे नळवाल्यांनी अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालायचे किंवा निदान बादली उघडी चोवीस तास ठेवायची. तुम्हाला ती कटकट नाही. पण जांभ्याच्या जमिनीतलं पाणी मऊ असतं आणि बऱ्याचदा जरा आम्लधर्मी, म्हणजे त्यात चुना कमी. रासबोरा, गौरामी, टेट्रा, जावा फर्न यांना हे उत्तम. गप्पी, प्लॅटी, मॉली यांना मात्र नाही, ते कठीण पाण्यातले मासे, मऊ पाण्यात त्यांचे पर मिटतात, आणि लोक म्हणतात आमच्याकडे गप्पीसुद्धा जगत नाही. गप्पीच हवे असतील तर त्यालाही घरात उपाय आहे, तिसऱ्यांच्या शिंपल्या. जेवण झालं की मूठभर शिंपल्या ब्रशने घासून, मीठ-मसाला सगळा जाईपर्यंत उकळून, वाळवून जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवा. शिंपल्यांमधला चुना हळूहळू विरघळून पाणी कठीण करतो. गप्पी फक्त नर आणा नाहीतर जोडीचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. तुमची बांय खाडीच्या जवळ असेल तर उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं का तेवढं बघा.

आता याच कारणाने मिरामारची वाळू नको. समुद्राच्या वाळूत मीठ असतंच, ते धुऊन जाईल एकवेळ, पण शिंपल्यांचा चुरा धुऊन जात नाही. तो मापाबाहेर पाणी कठीण करत राहतो, आणि मऊ पाण्यातले मासे-झाडं ठेवली असतील तर ती झुरतात. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलणं बरोबरही नाही. दुकानातली धुतलेली बारीक खडी किंवा नदीची वाळू घ्या, मूठभर वाटीत घेऊन व्हिनेगर ओता, बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, परत करा.

जांभा ठेवा की! त्याचा लाल रंग लोखंडाचा, आणि लोखंड झाडांना लागतं. एकेकाळी युरोपातले शौकीन टँकच्या तळाला घालायला लॅटराइट म्हणून हाच पदार्थ पैसे देऊन विकत घ्यायचे आणि तो आपल्या अंगणात पडलाय याचं मला अजून नवल वाटतं. बारीक कुटून वाळूच्या खालच्या थरात थोडा मिसळा, वर निव्वळ वाळूचा थर पाहिजेच नाहीतर पाणी तांबडं होईल. अख्खा दगड ठेवायचा तर भुसभुशीत नको, घट्ट घ्या, घासून धुवा, दोन-चार दिवस बादलीत बुडवून ठेवा. खाणीच्या रस्त्याकडेचा किंवा सिमेंट-रंग लागलेला उचलू नका.

आणि अंगणात देशी बदामाचं (टर्मिनालिया कटप्पा) झाड असेल तर त्याची आपोआप गळलेली, सुकलेली तांबूस पानं जपून ठेवा. हीच पानं बाहेर पाकिटात भरून विकतात. एक पान धुऊन टँकमध्ये टाकलं की पाणी हलकं चहाच्या रंगाचं होतं, बुरशीला थोडा आळा बसतो आणि मासे बुजत नाहीत. करवंटीला खाच पाडून, उकळून, पालथी ठेवली की लपायला घर. टँकच्या सजावटीवर पैसे घालवायची गोव्यात खरंच गरज नाही.

प्रश्न (मडगाव): मी कॉलेजात आहे, हॉस्टेलच्या खोलीत दीड फुटाचा टँक केलाय. क्रिप्टोकोरिनची पाच रोपं लावली, बारा दिवसांत सगळी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. दुकानदार म्हणतो खत घाल. घालू? की उपटून टाकू?

उत्तर: अरे, दोन्ही नको! उपटू तर अजिबात नकोस. क्रिप्टचं असंच असतं, जागा बदलली, पाणी बदललं की ते सगळी पानं टाकून देतं. विकायला ठेवलेली बरीच झाडं शेतावर पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेली असतात, ती पानं पाण्याखाली राहायला बनलेलीच नसतात, त्यामुळे झाड ती सोडतं आणि मुळातून पाण्यातली नवी पानं काढतं. मुळं वाळूत घट्ट असतील तर तीन-चार आठवडे थांब. विरघळलेली पानं मात्र रोज काढ, कुजली तर अमोनिया होतो. आत्ता खत घातलंस तर ते घ्यायला पानच नाही, ते शेवाळ घेईल. नवी पानं दोन-तीन दिसली की मग मुळाशी खताची एक गोळी पूर. आणि एकदा रुजली की जागेवरून हलवू नकोस, नाहीतर परत तेच.

आपल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांतही क्रिप्टोकोरिन आहे, स्पायरॅलिस नावाची जात, पाऊस-उन्हाळ्याच्या टोकाच्या फरकात ती तशीच पानं टाकून खोडावर तग धरते. त्या कुळाला हे नवीन नाही.

प्रश्न (साखळी): चवथीला (गणेशचतुर्थीला) आम्ही सगळे पाच दिवस मूळ घरी जातो, घर बंद. टँकचं काय करायचं? आणि पावसात लाइट जाते तेव्हा फिल्टर बंद पडतो, मासे मरतील का?

उत्तर: निर्धास्त जा. निरोगी मोठा मासा पाच-सात दिवस न खाता आरामात राहतो, झाडांच्या टँकमध्ये तर पानांवरचं बारीकसारीक टिपत असतो. निघायच्या दोन दिवस आधी एक बादली पाणी बदला, निघायच्या दिवशी घाईत नको. लाइट टायमरवर, फिल्टर चालू. सुट्टीत हळूहळू विरघळणारी खाण्याची वडी मिळते ती टाकू नका, मासे ती खात नाहीत आणि पाणी नासतं. शेजाऱ्यांना चावी दिली तर प्रेमापोटी मूठभर खाणं पडतं, म्हणून रोजचं एकेक चिमूट कागदाच्या पुडीत बांधून द्या आणि डबा लपवून ठेवा.

चवथ घरीच असेल तर वेगळी काळजी. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे धूप, अगरबत्ती, फटाक्यांचा धूर सगळा पाण्यात जातो. टँक देवाच्या खोलीत नको. डासांचा स्प्रे तर टँकच्या खोलीत कधीच मारू नका, कॉइल-लिक्विडही दुसऱ्या खोलीत, ती औषधं माशांना आणि कोळंबीला फार घातक असतात. फवारणीची गाडी वाड्यावर आली की पंप बंद, टँकवर ओला पंचा, आणि वास गेला की सुरू.

लाइटचं म्हणाल तर मासे मोजके असतील तर तीन-चार तास काही होत नाही, स्पंज पाण्यातच असतो त्यामुळे जीवाणूही लगेच मरत नाहीत. रात्रभर गेली तर काळजी, कारण अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, पॉवर बँकला लावा, जूनच्या आधी आणून ठेवा. काहीच नसलं तर तासातासाने मगने पाणी काढून उंचावरून परत ओता. त्या काळात खाणं बंद.

हेच एप्रिल-मेमध्ये, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. पाणी तीसच्या वर गेलं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करायला लागले की झाकण काढा, जाळी लावा, टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. आपल्या दमट हवेत फार उतरत नाही, तरी एक-दोन अंशांनीही फरक पडतो. बर्फ टाकू नका, तापमान एकदम पडणं माशाला गरमीपेक्षा वाईट.

प्रश्न (डिचोली): शेवाळ खायला सकर फिश आणला होता, आता तो फूटभर झालाय आणि टँकमध्ये मावत नाही. मयेच्या तळ्यात सोडू का? मोकळा तरी राहील.

उत्तर: नाही, कृपा करून सोडू नका. मयेत नाही, देवळाच्या तळीत नाही, नदीत नाही. हा दक्षिण अमेरिकेचा मासा, अंगावर चिलखत असल्यामुळे आपल्याकडे त्याला खाणारं फारसं कोणी नाही, तळाशी काठात बिळं करतो, अंडी घालतो आणि आपल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही घेतो. देशात ठिकठिकाणच्या पाण्यात तो असाच सोडून सोडून पसरलाय. विकलेल्या दुकानाला परत घ्यायला सांगा, किंवा अंगणात मोठी सिमेंटची टाकी असलेल्या कोणाला द्या, पण ती पावसात भरून ओहोळाला वाहणारी नको. झाडांचंही तेच, छाटलेला हॉर्नवर्ट, वॅलिस्नेरिया गटारात टाकू नका, उन्हात कडक वाळवा आणि मग माडाच्या आळ्यात घाला. शेवाळासाठी पुढच्या वेळी मासा आणण्याआधी लाइट दोन तास कमी करून बघा, आणि खाणं निम्मं.